ब्रेक दाबल्यावर नेमकं काय होतं? नव्या गाडीवाल्यांसाठी

गॅरेजात जाऊन ‘ब्रेक जरा बघा’ एवढंच सांगितलं, की मेकॅनिक त्याला सुचेल ते बघतो आणि आपल्याला फक्त बिल बघायला मिळतं. पेडल खाली जातंय, पेडल कडक झालंय, पेडल थरथरतंय, गाडी डावीकडे ओढतेय ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ती जागा अंदाजाने सांगता आली, तर अर्धा खर्च आणि बरीचशी भीती कमी होते. त्यासाठी मेकॅनिक व्हायची गरज नाही. पायाचा जोर कुठल्या वाटेने चाकापर्यंत जातो, ती वाट एकदा समजून घ्यायची.

उदाहरणाला आपल्याकडची नेहमीची छोटी हॅचबॅक घेऊ. पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना डिस्क, मागच्यांना ड्रम. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, आय टेन यांतली कुठलीही डोळ्यासमोर आणलीत तरी चालेल.

आधी थोडा हिशेब

बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. पास्कलचा हा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. ब्रेकमध्ये त्याचा फायदा असा: छोट्या दट्ट्यावर जोर द्यायचा आणि मोठ्या दट्ट्याकडून कितीतरी जास्त जोर मिळवायचा.

आकडे घालून बघू. समजा तुम्ही पेडलवर २० किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, पाचपट जोर देणारी धरली तर झाले १०० किलो. बूस्टरने (पायाचा जोर वाढवणारा डबा) ते तिप्पट केले, ३०० किलो. हा जोर मास्टर सिलिंडरमधल्या (ब्रेक ऑइलवर दाब देणारी नळकांडी) २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडला, की ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९५ किलो दाब तयार होतो. टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो, त्याच्या चाळीसपट तरी. हाच दाब पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधल्या (डिस्कला कवेत घेणारा जबडा) ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर, म्हणजे दट्ट्यावर गेला, की तो जवळपास १,८७० किलोच्या जोराने पॅड (घासून थांबवणारी पट्टी) डिस्कवर दाबतो. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतात, पण पायाच्या २० किलोचे चाकापाशी दीड-दोन टन होतात, ते असे.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. जोर वाढला तेवढं अंतर कमी होतं. पेडल काही सेंटिमीटर खाली जातं तेव्हा पॅड मिलिमीटरच्या एखाद्या अंशानेच सरकतो. म्हणून या वाटेवर कुठेही हवेचा बुडबुडा शिरला, की पंचाईत होते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पेडलची सगळी हालचाल त्या बुडबुड्यालाच दाबण्यात संपते.

पेडल आणि बूस्टर

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर, इंजिनामागच्या भिंतीला टेकून एक काळा, गोल, पत्र्याचा डबा दिसेल. तो बूस्टर. त्यातून एक जाड रबरी नळी इंजिनाच्या इनटेककडे जाते. इंजिन चालू असताना हवा खेचतं, त्यामुळे या डब्यात पोकळी तयार होते. आत मध्यभागी रबरी पडदा असतो. पेडल दाबलं की पडद्याच्या पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. म्हणजे पायाच्या मदतीला वातावरणाचा दाब येतो. डिझेल इंजिनात इनटेकमध्ये अशी पोकळी पुरेशी होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

बूस्टर ठीक आहे का, हे एका मिनिटात कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. हळूहळू ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं, तर बूस्टर काम करतोय. जराही हललं नाही, तर बूस्टर, ती नळी किंवा नळीवरचा एकेरी व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडलंय. पेडल दाबताना सतत सूं-सूं आवाज येत असेल, तर पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे शूर लोक अजून आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच पोकळी उरते. त्यानंतर ब्रेक असतो, पण त्याला पायाची सगळी ताकद लावावी लागते. पॉवर स्टिअरिंगही जड होतं ते वेगळंच.

मास्टर सिलिंडर आणि वरचा डबा

बूस्टरच्या पुढे जोडलेली धातूची नळकांडी म्हणजे मास्टर सिलिंडर. तिच्या डोक्यावर ब्रेक ऑइलचा पांढुरका, अर्धपारदर्शक डबा असतो आणि त्यावर किमान-कमाल पातळीच्या खुणा. आत एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन चाकं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ही वाटणी तिरकी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एका पिस्टनकडचा पाइप फुटला तरी दोन चाकांचा ब्रेक शिल्लक राहावा, म्हणून ही सोय. तसं झालं तर पेडल बरंच खाली जातं आणि गाडी उशिरा थांबते, पण थांबते.

डब्यातली पातळी महिन्यातून एकदा बघा, सपाट जागेवर. ती महिनोन्‌महिने अगदी हळू उतरत असेल, तर त्यात विशेष काही नाही. पॅड झिजतात, कॅलिपरचे पिस्टन तेवढे बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते. अशा वेळी ‘जरा कमी दिसतंय’ म्हणून काठोकाठ भरून ठेवू नका. पुढे नवीन पॅड टाकताना पिस्टन आत ढकलले, की ते जादा ऑइल उलटं डब्यात येतं आणि बाहेर सांडतं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पातळी आठवड्या-दोन आठवड्यांत दिसण्याइतकी उतरली, तर मात्र गळती आहे. भरत बसू नका, शोधा.

आता पेडलची दुसरी परीक्षा. इंजिन चालू, गाडी उभी, पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला आणि बाहेर कुठेच गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं (गॅरेजात त्यांना बकेट म्हणतात) गेली आहेत. ऑइल पिस्टनला वळसा घालून मागे सटकतंय. एक छुपी जागाही आहे. मागचं रबर गेलं तर ऑइल बूस्टरच्या डब्यात उतरतं. जमिनीवर थेंब नाही, चाकं कोरडी आणि तरी पातळी उतरतेय असं दिसलं, की मेकॅनिकला मास्टर सिलिंडर सोडवून मागे ओल आहे का ते बघायला सांगा.

ब्रेक ऑइल

पार्ट म्हणून ज्याकडे कोणीच बघत नाही, पण घाटात ज्यावर जीव अवलंबून असतो, ते हे. छोट्या गाड्यांत बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं असतं. कोणतं ते डब्याच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. त्याचा स्वभाव असा, की ते हवेतला दमटपणा शोषून घेतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत घसरला तरी मानकात बसतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारी गाडी घ्या. माणसं-सामान धरून वजन ११०० किलो, उतार साधारण साडेपाचशे मीटर. तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा ब्रेकवरच घालवली, तर होणारी उष्णता ऑफिसातला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार उकळीला आणण्याइतकी असते. प्रत्यक्षात हवा, टायर आणि इंजिन त्यातला वाटा उचलतात. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिनाचा वाटा चांगलाच मोठा असतो, न्यूट्रलमध्ये असेल तर जवळजवळ शून्य. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं म्हणून शंभर टक्के खरं.

ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं, तर दोन प्रकारे दगा होतो आणि दोन्हींचा पायाला जाणवणारा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅड जास्त तापले तर पेडल वर आणि घट्ट असतं, पण गाडी थांबत नाही. बहुतेक वेळा जळका वासही येतो. ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण आधी सूचना अशी मिळतच नाही. कॅलिपर थंड झाले की ब्रेक परत ठीक वाटतो आणि माणूस विसरून जातो.

म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत तर यात चालढकल नको. ‘काळं झालं की बदलू’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण पाणी मुरल्याचं रंगावरून कळत नाही. पाण्याचं प्रमाण दाखवणारा पेनसारखा टेस्टर मिळतो, बऱ्याच गॅरेजात असतो. आणि फळीवर सहा महिने अर्धी उघडी पडलेली बाटली कोणी वापरत असेल, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. सीलबंद लहान बाटली समोर फोडून घ्या. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकूनही या डब्यात जाता कामा नये. त्याने आतली सगळी रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळीच बदलावी लागतात.

पाइप आणि होज

मास्टर सिलिंडरपासून गाडीच्या पोटाखालून स्टीलचे बारीक पाइप जातात. चाक वर-खाली होतं आणि वळतं तिथे शेवटचा तुकडा रबरी होजचा असतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, पुढचा होज दिसेल. भेगा, फुगवटा किंवा टायरला घासल्याची खूण दिसली की बदला. जुना होज कधी आतून सुजतो. मग ऑइल जोरात जातं, पण परत यायला अडतं, आणि पाय काढला तरी ते चाक अडकून राहतं.

पुढची डिस्क

इथे जरा थांबू, कारण गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढचे ब्रेक मोठे.

चाकाबरोबर फिरते ती डिस्क. तिला कवेत घेऊन बसलेला धातूचा जबडा म्हणजे कॅलिपर. आपल्या गाड्यांत पिस्टन एकच आणि तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क हलत नाही म्हटल्यावर कॅलिपरच उलटा सरकतो आणि बाहेरचा पॅडही ओढून आणतो. हे सरकणं दोन गाइड पिनांवर होतं. त्यांचं ग्रीस वाळलं किंवा रबरी टोप्या फाटून आत पाणी गेलं, की कॅलिपर सरकत नाही आणि आतला पॅड एकटाच झिजत राहतो.

पाय काढल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं? तिथे स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन बाहेर जाताना ती त्याला धरून किंचित पिळली जाते, आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. बस, तेवढंच अंतर हवं असतं. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरून नव्या जागी बसतो, म्हणजे पॅड जुळवायचं कामही तीच करते. ब्रेकच्या अख्ख्या यंत्रणेत मला सगळ्यात जास्त कौतुक या स्वस्तातल्या रिंगचं वाटतं. वर्षांनी ती कडक होते किंवा पिस्टनला गंज धरतो, मग पिस्टन मागे येत नाही, पॅड घासत राहतो. ओळखायची खूण: थोडं फिरून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, लावू नका. समोरासमोरच्या दोन चाकांत एक स्पष्टपणे जास्त गरम असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय.

पॅडवरचं मटेरियल नवीन असताना साधारण १० मिलिमीटर असतं. ३ पर्यंत आलं की बदला. अलॉयच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो आणि लोक तेवढ्यावरच समाधान मानतात. खरा बघायचा तो आतला. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. तो आवाज म्हणजे तक्रार नाही, निरोप आहे. त्यानंतर येणारा खरखरीत आवाज धातूवर धातू घासल्याचा असतो आणि मग डिस्कही जाते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. लेथवर फेस करून (म्हणजे घासून सपाट करून) घेताना ती त्याखाली जाणार असेल, तर नवीनच घ्या.

पॅड आणि डिस्क बदलायच्या त्या डाव्या-उजव्या जोडीनेच. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते: नवीन पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि गॅरेजच्या दारातच समोरच्या गाडीला धडक बसते. नंतरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा; पॅड आणि डिस्कची गट्टी जमायला वेळ लागतो.

पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, त्याने घाबरू नका. दोन-चार ब्रेकमध्ये साफ होतो. पण घाट उतरून आल्याआल्या धुवायला लावून तापलेल्या डिस्कवर पाइपने गार पाणी मारू देऊ नका.

मागचा ड्रम

ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि वरच्या बाजूला त्यांच्यामध्ये व्हील सिलिंडर. दाब आला की त्याचे दोन पिस्टन दोन्हीकडे सरकून शू ड्रमला टेकवतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. ड्रम स्वस्त पडतो आणि त्यात हँडब्रेक बसवणं सोपं जातं. हँडब्रेकची वायर हेच शू ओढते. तिचा ऑइलशी काहीच संबंध नाही, म्हणूनच ऑइलचा ब्रेक गेला तरी हँडब्रेक हाताशी राहतो.

ड्रमचं नेहमीचं दुखणं म्हणजे व्हील सिलिंडरची गळती. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, पत्र्यावर किंवा टायरवर ओला ओघळ दिसला की समजा. ऑइल लागलेले शू पुसून परत वापरू देऊ नका. दुसरं दुखणं, शू आणि ड्रममधलं अंतर वाढणं. इथे पेडलची खूण फार नेमकी आहे: पहिल्या दाबाला पेडल खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट लागतं, तर मागचे शू ॲडजस्ट करायला झालेत. दुसऱ्यांदाही ते मऊ, स्पंजसारखंच लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे.

ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेने उडवायची सवय वाईट. ती फुप्फुसात जाते, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचं. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरायला सांगा.

गणपतीला गावी गेल्यावर गाडी आठ-दहा दिवस ओल्या अंगणात उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. शू ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकांना दोन्हीकडून दगड, एवढं पुरतं.

एबीएस

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) सक्तीचं आहे. मास्टर सिलिंडर आणि चाकं यांच्यामध्ये व्हॉल्व्ह आणि पंपाचा एक ठोकळा बसतो. चाक लॉक व्हायला लागलं, की तो त्या चाकाचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडतो आणि परत देतो. तेव्हा पेडल पायाखाली थडथडतं. नवखे लोक दचकून पाय काढतात, नेमकं तेच करायचं नाही. दाबून ठेवा आणि स्टिअरिंग फिरवा. पिवळा एबीएस दिवा लागला तर साधा ब्रेक चालू आहे, पण सावकाश गॅरेज गाठा. हँडब्रेक खाली असूनही लाल दिवा लागला, तर आधी बाजूला थांबून ऑइल बघा.

एअर काढणे

लाइनमधली हवा बाहेर काढायचं हे काम पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी उभं राहूनच बघा. दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरच्या निपलवर (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवायचं.

१. चाकाशी बसलेला म्हणतो, ‘दाब.’ पेडलवाला दोन-तीनदा पंप करून दाबून धरतो आणि ‘धरलंय’ म्हणतो.
२. निपल पाव-अर्धा आटा सैल करायचं. नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं.
३. निपल घट्ट करायचं आणि मगच म्हणायचं, ‘सोड.’ हा क्रम उलटला, की नळीतली हवा परत आत गेलीच.
४. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच. दर चार-पाच दाबांनी वरचा डबा भरत राहायचा. तो रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून.

कुठल्या चाकापासून सुरुवात करायची, हा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे पाळा. बाहेर आलेलं ऑइल परत डब्यात ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी. काही एबीएस गाड्यांत ठोकळ्यात हवा शिरली, तर ती काढायला स्कॅनर लागतो, तिथे घरच्या बाटलीने भागत नाही.

आणि चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर

पाय उचलून भराभर पंप करा. हवा किंवा वाफ असली तरी बऱ्याचदा थोडा दाब तयार होतो. ॲक्सिलरेटर सोडा, एकेक गिअर खाली आणा. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या रेंजमध्ये घ्या. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका, हॉर्न आणि इंडिकेटर चालू ठेवा. घाटात असाल तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूची माती किंवा चढाचा फाटा बघा. गाडी थांबली, की चाकांना दगड लावा आणि थोड्या वेळाने पेडल परत घट्ट लागलं तरी ती चालवत नेऊ नका, टो करून न्या.